फोटोतली दुसरी बाई

आम्ही उमापूरहून बोलतोय, गेवराई तालुक्यातून. एरवी आम्ही बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं, शेळ्यांच्या लसीचं बोलतो. आज इतिहासाचं बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका. यात राजे नाहीत. राजे आणि लढाया पाहिजेत तर आपलं राक्षसभुवन जवळच आहे. १७६३ साली तिथं गोदाकाठी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला हरवलं, हे आपण शाळेत शिकलो. अडीचशे वर्षांमागचं एवढं पाठ आहे. पण गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं की तुमच्या आजीच्या आईचं नाव काय, तर बारा जणींपैकी तिघींनाच सांगता आलं. त्यातल्या एकीला नुसतं 'बाई' एवढंच ठाऊक होतं. सगळे तिला बाईच म्हणायचे.

हा विषय निघाला कागदांवरून. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. आपल्याकडे घराघरातून पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. ज्यांना त्या नोंदीशी देणंघेणं नव्हतं त्यांच्याही पेट्या तशा कधीतरी उघडतातच. जात पडताळणीला अनुसूचित जातीच्या घराला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १९६७ च्या आधीचा. पालावर जन्मलेल्या आजोबाचा दाखला कुठून आणायचा, हा प्रश्न आमच्या गटातल्या दोघींच्या घरी आजही तसाच आहे. सांगायचं हे, की लेकरू कॉलेजात जायला निघालं की प्रत्येक घराला वंशावळ काढावी लागते. ती प्रतिज्ञापत्रावर लिहिली जाते. पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, बाप, चुलते, मुलगा. झाडाला फांद्या किती फुटल्या ते नीट दिसतं. पण एकही बाई त्या झाडावर नसते. जणू पणजोबाला आजोबा झाले ते आपोआपच.

आमच्या गटातली एक ताई अशीच एका संध्याकाळी दिराबरोबर कागद उलटत बसली होती. तिच्या सासरचे कागद म्हणजे मोगलाईतले. नव्या पोरींसाठी सांगतो, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि म्हातारी माणसं त्याला मोगलाई म्हणतात. कारभाराची भाषा आधी फारसी होती, पुढं १८८४ च्या सुमाराला उर्दू झाली. गावचे जुने कागद काही मोडीत, काही उर्दूत. १९५४ चं खासरा पत्रक बऱ्याच जणांना माहीत असतं, कारण वकील ते हमखास मागतात. त्याच्या आधीचं वाचायला माणूस शोधावा लागतो. त्या दिराला मोडी येत नव्हती, उर्दूही येत नव्हती. तरी तो भिंग लावून बघत होता. ताईच्या हाताला मात्र एका पाकिटात एक फोटो लागला.

फोटो जुना, कडा कुरतडलेला. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर महाल आणि कारंजं. पुढं दोन बाया उभ्या. डोईवर पदर, हात सरळ खाली, फोटोवाल्यानं दटावल्यासारखे. जत्रेत असले पडदे लावून फोटो काढायचे. दोघींतली बुटकी कोण ते ओळखू आलं. ती ताईची आजेसासू. दुसरी कोण? दिराला माहीत नाही. सासऱ्याला माहीत नाही. ते म्हणाले, असेल गावातली कुणीतरी. आणि आजेसासू तिथंच ओसरीत बाजेवर बसलेली! पंच्याऐंशीच्या आसपास वय, डोळ्याला कमी दिसतं, कान मात्र तिखट. ताईनं फोटो तिच्या डोळ्याजवळ नेला.

आजी म्हणाली, "ही माझी अक्का. माझी थोरली भण."

सगळे गप्प झाले. आजीला बहीण होती हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. सासरे म्हणाले, आई, तू कधी बोलली नाहीस. त्यावर आजीनं जे म्हटलं ते ताईनं बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. "तुम्ही कव्हा इचारलं?"

मैत्रिणींनो, आम्ही त्या दिवशी कर्जाची परतफेड लिहायची विसरलो. इतिवृत्तात फक्त हजेरी आहे.

आजीची गोष्ट आम्ही चार-पाच बैठकांत तुकड्या-तुकड्यानं ऐकली. तिचं माहेर शेवगाव तालुक्यातलं. आज उमापुरातून तिकडं जायचं म्हणजे काय मोठं, जीप मिळाली की बसायचं. पण आजी लहान होती तेव्हा मधे सरहद्द होती. शेवगाव नगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आणि हा सगळा निजामाचा. नाणीसुद्धा वेगळी. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. रझाकारांच्या धामधुमीत आपल्याकडची कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून नगरच्या हद्दीत जाऊन राहिली. त्या साली घरात पंधरा-वीस पाहुणी माणसं जेवायला असायची आणि आई चुलीपुढून उठायचीच नाही, एवढं आजीला आठवतं. अक्काचं लग्न त्याच्या जरा आधी झालं होतं, पैठणच्या बाजूला गोदाकाठी दिलेली. आजीचं त्यानंतर काही वर्षांनी झालं, उमापुरात. दोघी बहिणी भेटायच्या ती जागा ठरलेली, पैठणची नाथषष्ठी. फोटो तिथलाच. अक्कानं कोंबड्या विकून पैसे आणले होते म्हणे, आणि नवऱ्याला न सांगता दोघी पडद्यापुढं उभ्या राहिल्या. फोटोच्या दोन प्रती काढल्या, दोघींना एकेक.

मग काय झालं? दोन गोष्टी झाल्या. एक धरण, दुसरी शेतजमीन.

धरणाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. जायकवाडीची पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. मधल्या दहा-अकरा वर्षांत गोदाकाठची कितीतरी गावं उठली. आपल्याला त्या धरणाचा कालवा दिसतो, ऊस दिसतो. उठलेल्या माणसांना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. नाथसागराचं पाणी दुष्काळात खाली गेलं की जुन्या देवळांचे, घरांचे अवशेष उघडे पडतात. लोक बघायला जातात, मोबाईलवर फोटो काढतात. अक्काचं सासर त्या पाण्यात गेलं.

त्यात बहात्तरचा दुष्काळ. उमापूरची आमची आजी खडी फोडायला जात होती, नालाबंडिंगवर जात होती, सुकडी खात होती. ती म्हणते, मस्टरवर नाव पुकारायचे तेव्हा पहिल्या दिवशी कळलंच नाही की आपल्याला बोलावताहेत. घरात कोणी नावानं हाक मारतच नव्हतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं ते नाव, पुढं वीस वर्षांनी मुकादमानं वाचलं.

आता शेतजमीन. ही गाठ अवघड आहे आणि आम्ही ती पूर्ण सोडवलेली नाही. आजीच्या बोलण्यात दर वेळी एक वाक्य यायचं: "अक्कानं अंगठा दिला न्हाई." एवढं बोलून ती गप्प. आम्ही ताईला म्हणालो, आजीच्या माहेरगावचे फेरफार काढू. तुम्हालाही कधी लागलं तर लक्षात ठेवा. सातबारा म्हणजे आजचा आरसा, पण फेरफार म्हणजे घरात काय घडलं त्याची गोष्ट. कोण वारलं, कोण वारस लागलं, कुणी विकली, कुणी सोडली. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन नकला मिळतात. गट नंबर माहीत हवा, आणि गटवारी होण्याआधीचं असेल तर जुना सर्व्हे नंबर. शिवाय धीर हवा. आम्ही तीनदा गेलो. दोनदा 'उद्या या' ऐकलं.

तिसऱ्या खेपेला जो कागद मिळाला तो १९६३ चा. आजीचे वडील वारल्याची वारस नोंद. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्शात लेकीलाही वारस केलं होतं, त्यामुळं त्या नोंदीत विधवा आई आहे, दोन मुलगे आहेत आणि दोन मुली आहेत. मुलींच्या नावापुढं नवऱ्याचं नाव आणि 'राहणार' म्हणून सासरचं गाव. आम्ही तो कागद कितीतरी वेळ धरून बसलो. सगळ्या कागदांत पहिल्यांदा बाया दिसल्या होत्या. आमच्या ध्यानात आलं की जुन्या दप्तरात बाई दिसते ती मरणाच्या दारात उभी असते. नवरा मेला की ती वारस म्हणून येते. बाप मेला की लेक म्हणून येते. पोरं लहान राहिली तर 'अ. पा. क. आई' एवढ्या चार अक्षरांत येते. अज्ञान पालन कर्ती. म्हणजे अज्ञान पोराचं पालन करणारी, पण आमच्यातल्या एका काकूंनी ते 'अज्ञान असलेली आई' असंच वाचलं होतं इतकी वर्षं.

त्याच्या पुढच्या पानावर दोन वर्षांनंतरचा फेरफार. आजीनं भावांच्या लाभात हक्क सोडला. अंगठा. अक्काचा अंगठा नाही. माहेर तुटलं ते इथं. भावांनी सांगितलं, तिचं तोंड बघायचं नाही. आणि ज्या बहिणीनं अंगठा दिला होता तिला माहेरची साडी मिळत राहिली. आजी साठ वर्षं गप्प का होती ते आम्हाला त्या कागदापुढं कळलं. तिला दुसऱ्या कुणी नाही, तिनं स्वतःच गप्प केलं होतं. अक्काचं नाव पुढच्या एका सातबारावर आहे आणि त्याच्या पुढच्यावर नाही. त्या काळी सातबारा हातानं पुन्हा लिहिला जायचा. त्यात ते गळालं.

बहीण कुठं गेली ते मात्र कागदानं सांगितलं नाही. कागदावर गाव होतं, पण गाव पाण्याखाली. तिथं कामाला आली कासारीण. आमच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या मावशी आहेत, त्यांचं फिरणं गेवराईपासून शेवगाव-पैठणपर्यंत. त्यांना माणसाचं तोंड नंतर आठवतं, मनगट आधी. ताईनं गावाचं नाव काढताच त्या म्हणाल्या, ते गाव उठून अमुक ठिकाणी बसवलंय, आणि त्या आडनावाची घरं तिथं चार आहेत, त्यातल्या एका म्हातारीला हिरव्या काचेशिवाय चालायचं नाही. आम्ही वीस वर्षं समन्वय, संपर्क, सर्वेक्षण असले शब्द ऐकतोय. त्या मावशींचं सर्वेक्षण आमच्या रजिस्टरापेक्षा पक्कं निघालं.

गेलो आम्ही. ताई, आम्ही दोघी आणि ताईचा लेक. पुनर्वसनाचं गाव, सरळ रस्ते, घरं मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांत वाकडी झालेली. घर सापडलं. दारात एक बाई गोवऱ्या रचत होती. आम्ही म्हणालो, तुमच्या आजीच्या बहिणीकडून आलोय, उमापूरहून. ती हात पुसत उभी राहिली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला: "सही घ्यायला आलात का?"

यावर काय बोलावं सुचेना. आपल्याकडं इतक्या वर्षांनी नातेवाईक दारात येतो तो सहीसाठीच येतो, हे तिला माहीत होतं. आम्ही सही नको म्हणालो. फोटो पुढं केला. ती खूप वेळ बघत राहिली. त्यांच्या घरची प्रत नव्हती. धरणातून उठताना जे राहिलं त्यात राहिली असेल.

अक्का वारली होती, करोनाच्या दोन वर्षं आधी. म्हणजे आमची आजी इकडं आणि ती तिकडं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर, दोघी म्हाताऱ्या झाल्या. त्या घरात तिला सासरच्या नावानं ओळखायचे. माहेरचं नाव नातीला माहीत नव्हतं, आम्ही सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. भिंतीवर अक्काचा फोटो होता, हार घातलेला. तो फोटो म्हणजे मतदान कार्डावरचा चेहरा मोठा केलेला. तुमच्याही घरी बघा, आज्यांचे निम्मे फोटो तसेच असतात. १९९३ पासून निवडणूक आयोगानं फोटोची ओळखपत्रं काढली तेव्हा शाळेच्या वऱ्हांड्यात रांगा लागल्या. कित्येक बायांच्या आयुष्यातला एकटीचा तो पहिला फोटो. घाबरलेले डोळे, कपाळावर आठ्या. आम्ही त्यावर हसतो, पण तोही नसता तर?

याच्यावरून एक लांबची गोष्ट सांगावीशी वाटते. समुद्रापार मॉरिशस नावाचं बेट आहे. १८३४ पासून पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत तिथं उसाच्या मळ्यांवर इंग्रजांनी साडेचार लाखांहून जास्त हिंदुस्थानी माणसं करारावर नेली. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. उसासाठी गाव सोडणं काय असतं ते बीडच्या बाईला शिकवायला नको. आपण निदान सहा महिन्यांनी परत येतो. ही माणसं उतरली की त्यांचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, जात वहीत लिहीत. पुढं १८६० च्या दशकापासून त्यांचे फोटो काढू लागले. प्रेमानं नव्हे. मजूर मळा सोडून पळाला तर ओळखता यावा म्हणून. आज त्या वह्या आणि फोटो तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले आहेत, आणि त्याच मजुरांचे पणतू-खापरपणतू तिथं येऊन आपल्या पणजीचा चेहरा पहिल्यांदा बघतात. धरून ठेवायला काढलेला फोटो, आता त्याच्यावरून माणसं आपलं गाव शोधत महाराष्ट्रात येतात. मतदान कार्ड, रेशन कार्ड, निराधार योजनेचं पासबुक, यातलं काही जुनं म्हणून फेकू नका.

पुरुषांच्या पिढ्या सांगणारे लोक आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाप्रमाणं, आडनावाप्रमाणं नावं सापडतात. कोल्हापूर-सांगलीकडं हेळवी येतात, नंदी घेऊन, आणि घराची वंशावळ तोंडपाठ सांगून धान्य घेऊन जातात. बायांची वही कुठली? आम्हाला वाटतं, जातं. दळताना बाईनं आईचं, भावाचं, माहेरच्या वाटेचं नाव घेतलं ते तिथंच. हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि गाणारीचं नाव, गाव नोंदवून ठेवलं. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्याही त्यात आहेत. गिरणी आली आणि दळण सुटलं, त्याचं दुःख आम्हाला नाही, खांदे वाचले. पण आमच्या आजीला विचारलं तेव्हा तिला अक्काच्या नावाच्या ओव्या आठवल्या आणि त्या तिनं घरात कधी मोठ्यानं म्हटल्या नव्हत्या.

कायदा हळूहळू सरकतोय. २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून लेकाइतका हक्क दिला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं असं लिहायचं आहे. पन्नास वर्षांनी कुणी पेटी उघडली तर त्यांना आमच्यासारखं मरणाच्या नोंदीत आई शोधावी लागणार नाही.

परत येताना आम्ही अक्काच्या त्या मतदान कार्डाच्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून आणला. रात्र झाली होती. ताईनं तो मोठा करून आजीच्या डोळ्यापुढं धरला. आजीनं मोबाईल हातात घेतला, उजेडाकडं केला आणि म्हणाली, "ही तर माझी आई हाय."

ताई म्हणाली, नाही आजी, अक्का आहे, म्हातारपणची. आजी ऐकेना. तिनं अक्काला शेवटचं पाहिलं तेव्हा अक्का चाळिशीची होती. म्हातारा झालेला तसा चेहरा तिनं एकच पाहिला होता, आईचा. आणि आईचा फोटो तर कधी निघालाच नव्हता. मग आजीनं आईचं नाव सांगितलं, आणि आईच्या आईचंही. ताईनं ते जत्रेतल्या फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं. पेन्सिलीनंच लिहा, शाई पुढच्या बाजूला उतरते.

नागपंचमीला अक्काची नात उमापूरला आली, माहेरपणाला यावं तशी. आजीनं कासार मावशींना घरी बोलावून तिला हिरव्या बांगड्या भरल्या. माहेरचे भाचे मात्र अजून बोलत नाहीत. ते म्हणतात, तुम्ही गटवाल्या बायांनी जुनं उकरलं, आता वाटणी मागाल. आजीच्या मनात काय आहे ते तिनं सांगितलेलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की दिलेला अंगठा परत घेता येतो का. आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारायला येत्या सोमवारी जाणार आहोत.